रुसव्याचं घड्याळ

“ह्ये नगं. पाण्यात चालणारं दावा,” सिद्धू म्हणाला, आणि महिपतीच्या मस्तकात तिडीक गेली.

बारामतीच्या बाजारात, रसूलभाईच्या घड्याळांच्या दुकानात सासरा-जावई बसले होते. आठवड्यापूर्वी लग्नाच्या पंगतीत हाच जावई वाढलेल्या ताटावर रुसला होता. घड्याळ कबूल केल्याशिवाय घास उचलीना. चारचौघांत महिपतीला मान डोलवावी लागली. बरं, रुसायचं तर साध्या घड्याळासाठी रुसावं! पण हा पडला निरवांगीचा पाणबुड्या. नीरेवरच्या पंपांच्या जाळ्यांत शेवाळ अडकलं की बुडी मारून काढायचं, हे त्याचं काम. साधं घड्याळ भिजून बंद पडेल म्हणे.

रसूलभाईनं तीन घड्याळं काचेवर मांडली. एक पाण्यात चालणारं, पण रोज चावी मागणारं. दुसरं सोनेरी, ते पाहूनच महिपतीनं मान फिरवली. तिसरं पोलादी, कुणी नाव न ऐकलेल्या कंपनीचं, पण सगळ्यांत परवडणारं.

“पाण्यात चालतंय, आन आटोमॅटिक हाय,” रसूलभाई म्हणाला. “चावीच न्हाय, आबा. हात हलला की आतलं चाक फिरतंय, त्येच चावी देतंय.”

“व्वा! म्हंजी चावी द्यायचाबी तरास नगं जावईबापूंना!”

सिद्धूनं घड्याळ मनगटाला बांधून पाहिलं. त्याचं मनगट पोरीसारखं बारीक. पट्टा शेवटच्या भोकालाही सैल झाला. रसूलभाईनं दाभण घेऊन पुढं आणखी एक भोक पाडलं, तेव्हा कुठं घड्याळ बसलं.

निघताना सिद्धू काचेतल्या एका इवल्याशा बायकी घड्याळापाशी थबकला.

“ह्ये कितीला?”

आपल्या पोरीची, रतनची, आठवण तरी आहे, असं वाटून महिपतीचा राग जरा उतरला.

पोळा झाला आणि महिपतीच्या गावी, सांगवीला, निरोप आला. सिद्धू बुडाला. नीरेला लोंढा होता, अंग सापडलं नाही. काठावर कपडे होते आणि कपड्यांवर घड्याळ.

पाण्यातला मासा तो, बुडाला कसा, हे गावात ज्यानं त्यानं विचारलं. शेवटी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. रतनच्या बांगड्या फुटल्या, कपाळ पुसलं गेलं.

तेराव्याला महिपती निरवांगीला गेला तर रतन गाठोडं घेऊन ओसरीवर बसलेली. सिद्धूचा बाप गेणू दारात उभा होता. चांगला पैलवानी गडी, मनगटं उखळाच्या मुसळासारखी. घरात आता तो आणि त्याची तशीच जाड हाडाची बायको, तिसरं कुणी नाही.

“पांढऱ्या पायाची पोरगी दिलीत आमाला,” गेणू म्हणाला. “घिऊन जावा.”

“त्येराव्याचं जेवान तरी हुंद्या! लोकं काय म्हनतील?”

“लोकांचं ऱ्हाऊ द्या. आजच न्या. आन ह्येबी न्या तुमचं.”

त्यानं आतून पेटी आणली, कुलूप उघडलं आणि घड्याळ महिपतीच्या हातावर टाकलं. “त्या दिसापास्नं पेटीत हाय. कुनी हात लावला न्हाय.”

तेवढ्यात वालचंदनगरच्या कारखान्याचा बाराचा भोंगा झाला. महिपतीनं पाहिलं, दोन्ही काटे बारावर जुळलेले. त्याला त्या घड्याळाचाच संताप आला. धनी गेला, माझ्या पोरीचं कपाळ पांढरं झालं, आणि याचं आपलं टिकटिक चालूच! आणि तो शहाणा! पाण्यासाठी म्हणून भर पंगतीत माझी शोभा केली, आणि पाण्यात उतरताना हेच काठावर काढून ठेवलं! मग रुसला कशाला होता मेला?

मेलेल्याला मेला म्हटलं म्हणून त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

बारामतीला एस. टी.तून उतरल्यावर तो सरळ रसूलभाईच्या दुकानात शिरला. रतन बाहेर पायरीवर बसली, पदर पुढं ओढून.

“ह्ये ठिवून घ्या. पैसं द्या न्हायतर नगा दिऊ. घरात नगं मला ह्ये अवलक्षन!”

रसूलभाईला बातमी कळली होती. त्यानं घड्याळ कानाला लावलं, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडं पाहिलं. मिनिटाचाही फरक नव्हता.

“आबा, मधी कुनी काटं जुळवून लावलं व्हतं का ह्ये?”

“कोन लावतंय? त्येरा दिस पेटीत हुतं, कुलपात. माज्यासमूर काढलं, तवाबी चालूच हुतं. भोंग्याशी मेळ बसला की!”

रसूलभाईनं घड्याळ हळूच काचेवर ठेवलं.

“आबा, हातातनं उतरलं की ह्ये लई तर दीड दिस चालतंय. मग बंद पडतंय.”

“गेनूनं घातलं आसंल.”

बोलता बोलताच महिपतीला व्याह्याची मनगटं आठवली. त्यानं घड्याळ उचलून पट्टा उलटा केला. कातड्याला वळ एकच होता, दाभणानं पाडलेल्या भोकाशी. बाकीची भोकं कोरी होती.

तो पायरीवर आला.

“ऊठ, रतन. आदी कपाळाला कुकू लाव.”