साहेबांचं हत्यार

फोनला झेंडूची माळ घातलेली बघितली आणि लक्ष्मणरावांनी घाईघाईने घड्याळ बघितलं.

खंडेनवमी होती. पिंपरीच्या माळावरच्या त्या खनिज संशोधन संस्थेत सगळ्यांनी आपापली हत्यारं पूजेला मांडली होती. सुतारांचे रंधे, प्रयोगशाळेतले तराजू, भट्टीवाल्यांच्या सांडशा. पूजेला बसलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, असा रिवाज. संचालकांचं हत्यार कोणतं, यावर म्हणे सकाळी बराच खल झाला. शेवटी त्यांच्या टेबलावरचा, संस्थेतला एकुलता एक फोन तारेसकट पाटावर येऊन बसला.

"समद्या दिसाचं काम त्याच्यावरच की तुमचं," दारातला शिपाई ज्योतीराम कौतुकाने म्हणाला.

लक्ष्मणराव एके काळी धातूंचे इंजिनिअर होते. भंडाऱ्याच्या हलक्या मँगनीजमधून चांगला माल काढायचा त्यांचा प्रयोग अर्ध्यावर आला होता, तेव्हा वरिष्ठ म्हणाले, विभाग सांभाळा. हे हो म्हणाले. मग संस्था सांभाळा. हो. मग पिंपरीला नवी उभी करा. हो. नंदीबैलाला मान डोलवायला निदान गुबुगुबु तरी लागतं. यांना तेही लागत नसे. लोक म्हणत, काय नशीब काढलं! ते मात्र दर बढतीला भट्टीपासून आणखी लांब गेले आणि मनातून कुढत राहिले.

आता दिल्लीचं बोलावणं होतं. देशातल्या साऱ्या खनिज संस्थांचं प्रमुखपद. दिल्लीला खंडेनवमीचं काय! दुपारी तिकडे बैठक होती. "त्याआधी फोन करतो. उचलला नाहीत तर होकार धरतो," सचिवांनी सांगून ठेवलं होतं. आणि लक्ष्मणरावांनी आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं होतं, नाही म्हणायचं. परत भट्टीपाशी जायचं. सकाळी अंघोळ करताना त्यांनी तो शब्द मोठ्यांदा म्हणूनही पाहिला. बाहेरून बायकोने विचारलं, "काय नाही?"

आरती निम्म्यावर आली आणि फोन वाजला.

लक्ष्मणरावांनी हात पुढे केला. ज्योतीराम आडवा आला.

"आज न्हाई, सायेब. मागल्या साली बी दिल्लीचंच निमित्त हुतं."

मागच्या खंडेनवमीला दिल्लीहून पाहुणे आले होते. त्यांना पेटलेली भट्टी बघायची होती. माणसं नको म्हणत होती, साहेब हो म्हणाले. भट्टी उसळली आणि ज्योतीरामच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. भट्टीवरचा गडी दारावरचा शिपाई झाला. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून लक्ष्मणराव रडले होते. या दिवशी पुन्हा कुणी हत्याराला हात लावणार नाही, असा शब्द त्यांनी त्याला दिला होता.

फोन वाजतच होता.

"अरे, एकच शब्द बोलायचाय मला," लक्ष्मणराव काकुळतीला आले.

"तुमी बी मला एकच शबूद दिला हुता, सायेब," ज्योतीराम म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "माझं झालं ते झालं. तुमाला काय व्हायला नगं."

लक्ष्मणरावांचा हात हवेतच राहिला. मग खाली आला. थोड्या वेळाने फोन थांबला.

सगळ्यांच्या जिवात जीव आला. कुणीतरी आरती पुन्हा धरली. ज्योतीरामने उरलेल्या बोटांनी साहेबांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि लेकराला विचारावं तसं हळूच विचारलं, "बरं झालं न्हवं, सायेब?"

"हो," लक्ष्मणराव म्हणाले.