बंद माईक

सून कॉम्प्युटरवर खेळायला बसली आणि तिचा खेळ ऑनलाइन बघायला जगभरची माणसं जमली, की सासूबाईंच्या जिभेला धार चढायची. तिच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवून त्या बाहेरूनच बहिणीला फोन लावायच्या. माईकमधून चार लोकांना कळू दे, सून काय चीज आहे ती!

आज सुनेचा अंतिम सामना होता, म्हणून सासूबाईंनी आवाज आणखी चढवला. "ऐक गं धाकटे! बसल्या आमच्या महाराणी, कानांवर वाट्या लावून बंदुका उडवायला. घरचं सगळं माझ्या डोक्यावर, आणि एवढं करून रोज हरते!"

"ताई, हळू बोल. मी तिचाच खेळ बघतेय."

"मग येतंय ना माझं सगळं ऐकू तिथे?"

"एक अक्षर नाही. तू तोंड उघडलंस की ती माईक बंद करते. मग शत्रू कुठे दडलाय ते साथीदारांना सांगता येत नाही आणि डाव जातो. हा बघ, आत्ताही गेला."

"मग मला गप्प बसा म्हणायला काय झालं होतं तिला?"

"मीही तेच विचारलं होतं. म्हणाली, 'मावशी, डाव उद्या पुन्हा मांडता येईल. चारचौघांत आईंचं हसं झालं, तर ते कसं निस्तरू?'"



सासूबाईंनी फोन ठेवला आणि मान वर न करता, कडीचाही आवाज होऊ न देता, सुनेच्या खोलीचं दार ओढून घेतलं.