बारीक अक्षर

"गेलीस तर संपलं," मुलगा म्हणाला. "तुझा व्हिसा एकदाच आत येण्याचा आहे. देशाबाहेर पाऊल टाकलंस की तो रद्दी. मग नातीला फोनच्या काचेत बघ."

चष्मेवालीने बॅगेची चेन ओढली. ती मध्येच अडली. तिने बॅगेवर गुडघा रोवून पुन्हा ओढली.

"काचेतून बघण्यातच जन्म गेलाय माझा," ती म्हणाली.

सकाळी तिला गावाहून फोन आला होता, तिच्या गल्लीतल्या मोबाइलवाल्याचा. "काकू, दुकानाबरोबर ते काच घासायचं यंत्रही देताय, की काढून नेताय?" कुठलं दुकान, कुणाला देतेय, असं तिने विचारलं तेव्हा तोच गडबडला. चिरंजीवांनी इथे बसल्या बसल्या तिच्या चष्म्याच्या दुकानाचा सौदा त्याच्याशी पक्का केला होता. सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. नवरा गेल्यावर त्याच यंत्रावर तिने हात बसवला होता. सुरुवातीला काचांपेक्षा बोटंच जास्त घासली गेली. अर्ध्या गावाची नाकं तिला पाठ होती. कुणाची फ्रेम कुठल्या कानाकडे कलते, ते ती डोळे मिटून सांगायची.

"तुझ्यासाठीच करतोय ना," मुलाने आवाज मऊ केला. "हे काय वय आहे का काचा घासत बसायचं? राहा इथे. मुक्कामाची मुदत संपत आली की वाढवून घेऊ. बाळालाही सवय झालीय तुझी."

"तिला माझी सवय झाली. तुला मात्र मला विचारायची सवय काही लागली नाही."

"पासपोर्ट माझ्याकडे आहे, आई."

तो हे शांतपणे म्हणाला, म्हणूनच ती धमकी होती. ती आली त्याच दिवशी, "तू कुठेतरी ठेवून विसरशील," म्हणत त्याने तो आपल्या कपाटात टाकला होता.

तेवढ्यात बाळाला कडेवर घेऊन सून बाहेर आली. ती सरळ कपाटाशी गेली, पासपोर्ट काढला आणि सासूच्या हातात ठेवला.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मुलगा ओरडला.

"त्यांचा आहे," सून म्हणाली.

सासू निघतेय म्हटल्यावर सुनेच्या पायांना चाकं लागली, असं चष्मेवालीच्या मनात आलं. आल्यापासून दोघींचं धड जमलं नव्हतं. दुधाची बाटली किती वेळ उकळायची, इथपासून सुरुवात होती. आणि सासूला इथेच अडकवायचा हा बेतही सुनेच्याच डोक्यातला, याबद्दल तिला शंका नव्हती. घरात फुकटची आया कुणाला नको असते? आता बेत फसून उघड भांडण झालं, तर पासपोर्ट देऊन बाईसाहेब नामानिराळ्या.

वर सून म्हणाली, "लोकांना बारीक अक्षर वाचायला लावता, आई. कधी स्वतःचे कागदही वाचत जा."

जाता जाताही टोमणा! "वाचण्यासारखं काय आहे त्यात?" चष्मेवाली फणकारली. "फोटोत चोरासारखी दिसते मी. तेवढं बघितलं आणि मिटून ठेवलं."

बाळाने तिच्या चष्म्याची दोरी मुठीत पकडली होती. तिने एकेक बोट सोडवलं. शेवटचं सोडवताना तिचा हात थांबला. मग तिने बॅग उचलली आणि मागे न बघता जिना उतरली.

टॅक्सीत तिला अर्जाचा दिवस आठवला. ती फोनवर होती. पलीकडे मुलगा टेबलावर पाय टाकून सांगत होता आणि सून टाइप करत होती. "किती वेळा प्रवेश? एकदाच. आली की आली, सारखी ये-जा कशाला? लिहिलंस?" "लिहिलं," सून मान वर न करता म्हणाली होती. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता कळत होतं, उंदराच्या पिंजऱ्यातही एकदाच शिरता येतं. तरी बरं, हा उंदीर बाहेर पडला. नात गेली, पण दुकान राहिलं. असा हिशेब मनात मांडून तिने खिडकीकडे तोंड वळवलं आणि टॅक्सीवाल्याला दिसू नये म्हणून नाक हळूच पुसलं.

विमानतळावरच्या खिडकीत एक तरुण अधिकारी मुलगी होती. तिचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. एरवी चष्मेवालीने तिथल्या तिथे तो काढून नीट बसवला असता. मुलीने शिक्का मारला आणि हसून म्हणाली, "पुन्हा या."

"कशी येणार?" चष्मेवाली तिथल्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली. "एकदाच होतं. संपलं."

मुलीने पुन्हा पान उघडलं, बघितलं आणि पासपोर्ट उलटा फिरवून तिच्यासमोर धरला. एका ओळीवर बोट ठेवलं.

चष्मेवालीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. अक्षर बारीक होतं, पण स्वच्छ होतं. प्रवेश: अनेक वेळा. खाली व्हिसाची मुदत, अजून चार वर्षांची.

आधी तिला वाटलं, कचेरीची चूक असेल. मग चष्म्याची काच धुरकटली आणि त्याच वेळी तिला हसू फुटलं, इतकं, की मागची रांग वाकून बघू लागली. आधी दुकान उघडायचं. मोबाइलवाल्याला चहा पाजून वाटेला लावायचं. आणि सुट्टीत पुन्हा यायचं. चिरंजीवांच्या नाकावर टिच्चून यायचं, हवं तेव्हा जायचं.

"लिहिलंस?" त्याने विचारलं होतं. "लिहिलं," सून म्हणाली होती. काय लिहिलं, ते बघायची त्याला कधी गरजच वाटली नव्हती.