परत गेलेला हेडफोन

आमच्या जावईबापूंची खोडच आहे, सासूच्या पाया पडतील, पण मत विचारणार नाहीत. कॅनडात, ओटावातल्या त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये त्यांनी माझ्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. सीडी करायची म्हणून मिक्सिंगसाठी दोन हेडफोन आणले. एक ठेवायचा, दुसरा दुकानात परत. महागडा ठेवायचं परस्पर ठरवलंसुद्धा. म्हटलं, गळा माझा, आधी मी ऐकणार. महागड्यातून आवाज असा गोड घुमला, जणू मी विशीतली. साध्यातून ऐकलं, तर तिसऱ्या ओवीत दम तुटलेला, मागे घर तापवणाऱ्या फर्नेसची घरघर. "बघा आई, साधा किती बेकार!" जावई हसले. "दम खरंच तुटला होता," मी म्हटलं, "ती घरघर महागड्यात शोधा." त्यांनी कान दाबून तीनदा ऐकलं. सापडेना. परत करायला महागडाच खोक्यात भरला. "जावईबापू, मडक्याला टिचकी मारतात ती तडा ऐकायला. फर्नेस बंद करा, तिसरी ओवी पुन्हा म्हणते!"