दुसरा ब्रेक

“महिन्याचे वीस गिऱ्हाईक पाठवतो, मास्तर. शिकवाची गरज नाही. तुमी फक्त दाखल्यावर सही ठोका,” लायसनचा एजंट टिकेश म्हणाला. मी त्याला माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पायरीवरूनच हाकललं. त्यानंतर दोन महिने आमगावातल्या बाकीच्या स्कूलसमोर गर्दी, आणि मी आपला उभ्या गाडीच्या काचा पुसतोय. आपणच मूर्ख ठरलो की काय, असं वाटायला लागलं होतं.

मग एक दिवस शामकलाबाई आल्या. वय पंचावन्न. नवऱ्याची नजर गेलेली, दिवसा घरात दुसरं कोणी नसायचं; त्याला दवाखान्यात गोंदियाला न्यायचं तर गाडी आता यांनाच चालवावी लागणार होती. एकवीस दिवस मी माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून बसलो. शेवटच्या दिवशी पाण्याच्या नहराच्या काठच्या अरुंद रस्त्यावर समोरून धानाचा ट्रॅक्टर आला. बाईंनी गाडी न अडखळता, सरळच्या सरळ मागे घेतली. मी ब्रेकवरचा पाय काढला आणि पहिल्यांदाच सीटला पाठ टेकवली.

“माह्यं नाव तुम्हाले कोणं सांगितलं, बाई?”

“माह्या पोरानं. टिकेशनं.”

“त्याले त मी हाकललं होतं!”

“म्हणूनच त सांगितलं,” रस्त्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. “म्हणे, आई, गाडीत बाबाले बसवाचं आहे. ज्यानं मले हाकललं, त्याच्याचकडं शिक.”