नावातलं फायनान्स

"पाटी बघून कुणाचं पोट भरत नाही, फेम्के," चित्स्के म्हणाली आणि लोणी लावलेल्या पावावर चॉकलेटचा चुरा जरा जास्तच ओतला.

"आई, मी निवडलेल्या अभ्यासक्रमाच्या नावातच फायनान्स आहे. मला बाजाराची गणितं मांडायचीत. मग लायडनच्या विद्यापीठात जाऊन तीन वर्षं नुसत्या गणिताच्या सिद्धता कशाला घोकू?"

"कारण बाजाराची गणितं मांडणारे तिथूनच येतात. मी रोज बघते ना."

हे खरं होतं. चित्स्के एकोणीस वर्षांची असताना अ‍ॅमस्टरडॅमच्या शेअर बाजारात सौदे ओरडायला उभी राहिली. तेव्हा तोंडी हिशेब आणि खणखणीत आवाज असला की झालं. पुढे आरडाओरडा थांबला, संगणक आले. कंपनीने तिला ठेवून घेतलं. पण आता सूत्रं मांडायची ती गणित शिकलेली पोरं, आणि पडद्यावरचे भाव बघत बसायची ही.

विद्यापीठ सगळ्यांना खुलं होतं त्या शनिवारी दोघी लायडनला गेल्या. फेम्केने एकच प्रश्न विचारला. चित्स्के थांबेचना. संभाव्यता केव्हा शिकवता? प्रोग्रामिंग सक्तीचं का? नोकरी सांभाळून जमतं का?

"चीजच्या दुकानातलं माझं काम शनिवारपुरतंच आहे गं, आज तर सुट्टी घेतलीय," फेम्के दातओठ खात पुटपुटली. प्राध्यापक हसू दाबत होते.

परतीच्या गाडीत तिचा बांध फुटला. "तुझं राहून गेलेलं शिक्षण माझ्या गळ्यात मारू नकोस, आई!"

हार्लेम स्टेशन आलं तेव्हा चित्स्के म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

त्यानंतर तिने गणिताचा ग सुद्धा काढला नाही. फेम्केला उलट चुकल्याचुकल्यासारखं झालं.

विद्यापीठात सगळ्यांना एका कोड्याचा कागद दिला होता. एक दारुडा सरळ रस्त्यावर, आपल्या घराच्या दारात उभा आहे. नाणं उडवतो, छापा पडला तर एक पाऊल पुढे, काटा पडला तर मागे. तो पुन्हा घराच्या दारात येईल का? फेम्केने कोडं फेकून द्यायचं ठरवलं, पण दारुडा डोक्यातून जाईना. आठवडाभर तिने त्याला चालवलं, आणि एका रविवारी ती ओरडतच स्वयंपाकघरात आली.

"येतो! उशिरा का होईना, पण येतोच! आई, आणि शेअरचा भाव म्हणजे असलाच दारुडा ना?"

"मी जन्मभर त्याच्याच मागे धावतेय," चित्स्के म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

"मग ठरलं. मी गणितालाच जाणार. पण तू सांगितलंस म्हणून नाही हं."

"छे! माझा काय संबंध?" चित्स्केने हातातल्या पॅनकेकच्या तव्यासकट तिला मिठी मारली.

ऑगस्टमध्ये फेम्के लायडनला खोली घेऊन राहायला निघाली. चित्स्के म्हणाली, "सप्टेंबरपासून मी आठवड्यातून दोनच दिवस कामावर जाणार. साहेब हो म्हणाले."

"आणि उरलेले दिवस काय करशील? मांजराशी बोलत बसशील?"

"बघू." निरोप देताना ती रडेल असं फेम्केला वाटलं होतं. ती शीळ घालत होती.

पहिल्याच तासाला वर्ग खचाखच भरला. फेम्के पळतपळत आली आणि सर्वांत पुढच्या बाकावर बसली. तिथे तेवढं कुणी बसलं नव्हतं. शिकवायला आलेली तरुणी म्हणाली, "सराव जोडीजोडीने करायचा. कुणाला जोडीदार नाही?"

फेम्केने हात वर केला.

तरुणीने मागच्या ओळींकडे नजर टाकली. "तिथे अजून एक हात दिसतोय. या, पुढे या."

पायऱ्यांवर बूट वाजले. कुणीतरी धापा टाकत शेजारी येऊन टेकलं.

"चालेल ना गं तुला?" आईने विचारलं.