माहितीसाठी प्रत

"वाच आणि सही कर, पोरी." वसतिगृहाच्या कचेरीतल्या पानसेकाकांनी खोलीचा आदेश चारुलतेपुढे सरकवला. नवऱ्याच्या मारातून जीव वाचवून ती आठवड्यापूर्वी इथे आली होती. ती याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला असल्याने प्राचार्यांनी तिला तातडीने नऊ नंबरची खोली दिली होती.

सही करताना तिचा हात थबकला. तळाशी नेटक्या अक्षरांत लिहिले होते : 'प्रत माहितीसाठी, कायमच्या पत्त्यावर.' कायमचा पत्ता म्हणजे नवऱ्याचे घर.

"काका, ही प्रत गेली?"

"परवाच, रजिस्टर टपालाने! पस्तीस वर्षांत माझ्या हातून एक प्रत राहिलेली नाही."

तिने पेन खाली टाकले. "अहो, मी कुठे राहते हे त्याला कळू नये, म्हणून तर ही खोली दिलीत ना!"

काकांचा चेहरा उतरला. तेवढ्यात फाटकावरून फोन आला. पहारेकऱ्याचा खणखणीत आवाज तिलाही ऐकू येत होता. "एक साहेब आलेत. आपल्याच शिक्क्याचा कागद आहे हातात. नऊ नंबर कुठे विचारतायत. सोडू आत?"

ज्यांनी कधी कागदावर मागची तारीखसुद्धा घातली नव्हती, त्या काकांनी फोनमध्ये सांगितले, "तो आदेश रद्द झालाय. बाई कालच गाव सोडून गेल्या. फाटक उघडू नकोस, पोलिसांना बोलाव."

फोनमधून लोखंडावर बसणाऱ्या लाथा ऐकू येऊ लागल्या. काकांनी उठून कडी लावली आणि फायलींचे जड कपाट दाराकडे ढकलायला घेतले. ते हलेना. चारुलतेने खांदा लावला.